एका पानाचे अनेक वेश

गेल्या वर्षी मराठी भाषा गौरव दिनाला, म्हणजे २७ फेब्रुवारीला, आमच्या वर्गाने महाविद्यालयाच्या संगणक-कक्षात एक लहानसे प्रदर्शन मांडले होते. वसई-विरार पट्ट्यात घराघरांतून बोलले जाणारे, पण आमच्या पिढीच्या तोंडून हळूहळू सुटत चाललेले शब्द आम्ही वर्षभर जमवले होते. कादोडी ऊर्फ सामवेदी, वाडवळी, कोळी, आगरी, जिथून मिळतील तिथून. बावखल, सुकेळी, दर्या, डोल असे शब्द एका पानावर मांडायचे, शब्दावर टिचकी मारली की त्याचा अर्थ उघडायचा, आणि वयस्कर मंडळींसाठी वरच्या कोपऱ्यात ‘अक्षर मोठे करा’ असे एक बटण ठेवायचे, एवढीच योजना होती. पान तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, कारण या विषयाचे थोडेफार वाचलेली वर्गात मी एकटीच होते.

घरच्या संगणकावर, क्रोम या ब्राउझरात, सगळे सुरळीत चालत होते. बटण दाबले की अक्षर दीडपट होई. प्रदर्शनाच्या दिवशी, ज्यांनी आम्हांला सर्वांत जास्त शब्द सांगितले होते त्या एक आजी नातवाचा हात धरून आल्या. त्या खुर्चीत स्थिरावल्या, मी मोठ्या ऐटीत बटण दाबले आणि काहीच झाले नाही. पुन्हा दाबले. अक्षर होते तेवढेच. आजी पडद्याजवळ वाकल्या, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, “अगं, शब्द माझे आणि मलाच दिसेनात!” मग मी सगळा संग्रह त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला. पण त्या ऐकायला नव्हे, वाचायला आल्या होत्या.

त्या न चाललेल्या बटणाचा माग काढता काढता जे हाती आले ते येथे मांडत आहे. विषय संगणकाचा असला तरी कला शाखेच्या वाचकांनी लगेच पान उलटू नये. यात गणित जवळजवळ नाही. आज्ञा, नाव आणि अर्थ यांचीच भानगड आहे, आणि ती आपल्या ओळखीची आहे.

आंतरजालावरचे कोणतेही पान तीन थरांचे असते. पहिला थर मजकुराचा: हा मथळा, हा परिच्छेद, हे बटण. दुसरा थर रूपाचा, त्याला सीएसएस म्हणतात: मथळा तांबडा, परिच्छेद काळा, अक्षर एवढे मोठे. तिसरा थर जावास्क्रिप्टचा. पान उघडल्यानंतर त्यात फेरबदल करायचे ते यातून. हे तिन्ही थर वाचून पडद्यावर चित्र उभे करतो तो ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज हे सगळे ब्राउझरच. संहिता एक आणि नाटक मंडळ्या अनेक, असा हा प्रकार आहे. संहितेत ‘राजा रागाने निघून जातो’ एवढेच लिहिलेले असले तर तो डावीकडून जाईल की उजवीकडून, हे ज्या त्या मंडळीवर राहते.

जावास्क्रिप्टमधून रूप बदलायचे ते असे. पानावरच्या प्रत्येक घटकाबरोबर ‘स्टाइल’ नावाची एक पेटी असते. तिच्यातल्या ‘कलर’ या खणात ‘रेड’ हा शब्द ठेवला की घटक तांबडा होतो. सीएसएसमध्ये ज्या गुणाचे नाव जोडरेघ देऊन लिहितात, उदाहरणार्थ ‘बॅकग्राउंड-कलर’, त्याची जोडरेघ येथे काढून टाकावी लागते, कारण जावास्क्रिप्ट त्या रेघेला वजाबाकीचे चिन्ह समजते आणि बॅकग्राउंडमधून कलर वजा करू पाहते. म्हणून दोन्ही शब्द सलग लिहून दुसऱ्याचे आद्याक्षर मोठ्या लिपीत घालायचे. रुंदी सांगताना नुसते दीडशे म्हणून भागत नाही, दीडशे पिक्सेल म्हणावे लागते. वाण्याकडे जाऊन ‘दोन तांदूळ द्या’ म्हटल्यावर तो जसा तोंडाकडे पाहत राहील तसेच हे. फरक इतकाच की ब्राउझर तोंडाकडेही पाहत नाही. न कळलेली आज्ञा तो मुकाट्याने सोडून देतो, तक्रारीचा एक शब्द काढत नाही. हा मौनी स्वभावच साऱ्या घोटाळ्याचे मूळ आहे, आणि त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता आमचे बटण. अक्षर मोठे करण्यासाठी मी ‘झूम’ नावाचा गुण वापरला होता. हा गुण मुळात मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने स्वतःच्या मर्जीने काढलेला. पुढे सफारी आणि क्रोम यांनी तो उचलला. फायरफॉक्सने मात्र तो वर्षानुवर्षे घेतला नाही. मे २०२४ मध्ये आलेल्या १२६व्या आवृत्तीत तो पहिल्यांदा दाखल झाला. आमच्या कक्षातील संगणकांवर विंडोज ७ आहे. त्यावर क्रोमची गाडी जानेवारी २०२३ मधील १०९व्या आवृत्तीशी आणि फायरफॉक्सची जुलै २०२३ मधील ११५व्या आवृत्तीशी थांबली. त्यानंतर सुरक्षेच्या डागडुजीपलीकडे नवे काही त्यावर येत नाही. प्रदर्शनाच्या दिवशी ज्या संगणकापुढे आजी बसल्या त्यावर फायरफॉक्स ११५ उघडा होता. त्याला झूम ठाऊकच नव्हते. सगळ्या चुकीचा हिशेब एवढाच. पण तो लागायला मला चार दिवस लागले.

मौज अशी की, आज्ञा पोहोचली की नाही हे पाहण्यासाठी मी त्या पेटीलाच विचारले, ‘झूमच्या खणात काय आहे?’ उत्तर आले, ‘दीड.’ म्हणजे सगळे ठीक! याचे कारण नंतर उमगले. पेटीत मुळात नसलेल्या नावाने काही ठेवले तर जावास्क्रिप्ट तेथल्या तेथे नवा खण करून ते ठेवून घेते. चित्र काढणारा विभाग त्या खणाकडे कधी ढुंकूनही पाहत नाही. एखाद्या कचेरीत आपला अर्ज आवक नोंदवहीत चढतो, विचारले की नोंद दाखवतात, आणि काम मात्र होत नाही, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा आधी विचारायचे ते ‘खणात काय आहे’ हे नव्हे. ‘हा खण मुळात तुझ्याकडे आहे का’ हे.

पण हा शहाणपणा येण्यापूर्वी मी एक जुनी चूक नव्याने केली. मला वाटले, ब्राउझरला नाव विचारावे. क्रोम असेल तर एक आज्ञा, फायरफॉक्स असेल तर दुसरी. ब्राउझर आपले नाव सांगतोही. पण ते नाव ऐकण्यासारखे आहे. आजचा क्रोम स्वतःची ओळख देताना आरंभी म्हणतो ‘मोझिला’, मग ‘ॲपलवेबकिट’, मग ‘केएचटीएमएल, गेकोसारखा’, मग ‘क्रोम’ आणि शेवटी ‘सफारी’! याच्यामागे इतिहास आहे. नेटस्केप या ब्राउझरचे घरगुती नाव मोझिला. १९९०च्या दशकात तोच सर्वांत पुढारलेला, म्हणून अनेक संकेतस्थळे नाव विचारून मोझिलालाच चांगले पान वाढू लागली. इंटरनेट एक्सप्लोरर मागून आला. आपल्या ताटातही तेच पडावे म्हणून तो स्वतःला मोझिला म्हणवू लागला. पुढे जो जो आला त्याने आधीच्यांची नावे आपल्या नावामागे लावली. पंक्तीत चांगली जागा मिळावी म्हणून आडनाव बदलण्याची ही रीत आपल्याला अगदीच अपरिचित नाही. ज्या ओळखपत्रावर सगळ्यांचीच नावे आहेत त्याच्यावरून माणूस कसा ओळखायचा? शिवाय नाव बरोबर कळले तरी आवृत्तीचा प्रश्न राहतोच. ११५वा फायरफॉक्स आणि १२६वा फायरफॉक्स नावाने एक आणि या बाबतीत ज्ञानाने वेगळे.

हे असे का झाले ते थोडक्यात सांगते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपसाठी जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला. सीएसएसची कल्पना हाकोन विउम ली यांनी त्याच्या आदल्या वर्षी, १९९४ साली, मांडली होती; तिला पहिली अधिकृत मान्यता डिसेंबर १९९६ मध्ये मिळाली. दोन गोष्टी दोन घरी जन्मल्या आणि त्यांची सोयरीक कशी व्हावी याचे नियम ठरण्यापूर्वीच बाजारात लढाई जुंपली. १९९७ साली नेटस्केप ४ आणि एक्सप्लोरर ४ दोन्ही आले. एकाच्या घरी पानावरील घटकाकडे जायचा रस्ता ‘लेयर्स’मधून, दुसऱ्याच्या घरी ‘ऑल’मधून. एकच पान दोघांकडे चालायचे तर सगळे दोनदा लिहिणे आले. समाईक नियम १९९८ साली आले, रूपासंबंधीचा भाग २००० साली. पण लागलेली सवय लवकर सुटेना. ‘फ्लोट’ हा गुण घ्या. हा शब्द जावास्क्रिप्टने स्वतःसाठी राखून ठेवलेला होता, म्हणून नियमाने त्याचे नाव ‘सीएसएसफ्लोट’ केले; एक्सप्लोररने मात्र ‘स्टाइलफ्लोट’ ठेवले आणि २०११ सालच्या नवव्या आवृत्तीपर्यंत तेच चालवले. पारदर्शकतेचेही तेच. इतर ब्राउझर साधा दशांश अपूर्णांक घेत, तर जुना एक्सप्लोरर ‘फिल्टर’ नावाच्या निराळ्याच खणात शतमानाने मागे. घटकाचा प्रत्यक्ष दिसणारा रंग विचारला तर एक्सप्लोरर ‘रेड’ असे सांगे, आणि इतर तोच रंग तांबडा २५५, हिरवा ०, निळा ० अशा आकड्यांत सांगत. उत्तरे दोन्ही खरी. पण दोन्हींची तुलना करणारा कार्यक्रम चक्रावून जाई. जॉन रेसिग यांनी २००६ साली काढलेले ‘जेक्वेरी’ एवढे लोकप्रिय झाले त्याचे एक मोठे कारण हे, की असली भाषांतरे ते परस्पर करून टाकी.

या भांडणाची झळ मराठीलाही लागली आहे. त्या काळी अनेक मराठी संकेतस्थळांचा प्रत्येकी स्वतंत्र फाँट असे, आणि वाचकाच्या संगणकावर तो आपोआप उतरवण्याची मायक्रोसॉफ्टची पद्धत फक्त एक्सप्लोररला कळे. दुसऱ्या ब्राउझरात तेच पान उघडले तर मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा फाँटही आला, तरी ही खिचडी निवळायला पुढे बरीच वर्षे गेली. ब्राउझरात बसून थेट मराठी टंकता यावे यासाठी ओंकार जोशी यांनी केलेले ‘गमभन’ हेही जावास्क्रिप्टमध्येच आहे. कळ दाबल्याची खबर प्रत्येक ब्राउझर आपापल्या तऱ्हेने देत असे अशा त्या दिवसांत हे काम किती चिकाटीचे असेल, याची कल्पना मला आमच्या एका बटणावरून आली.

असो. बटण शेवटी कसे दुरुस्त झाले ते सांगते. माझी चूक झूमची होती त्यापेक्षा, प्रत्येक घटकाला जावास्क्रिप्टमधून रूप सांगत सुटण्याची जास्त होती. जावास्क्रिप्टने फक्त प्रसंग जाहीर करावा आणि त्या प्रसंगी कोणी काय नेसायचे ते सीएसएसने ठरवावे, अशी वाटणी बरी. सीएसएसमध्ये ‘क्लास’ नावाची सोय आहे. क्लास म्हणजे घटकाला दिलेली भूमिका. मी संपूर्ण पानाला ‘मोठे-अक्षर’ अशी भूमिका देऊ केली. (भूमिकेचे नाव देवनागरीत चालते, हे कळले तेव्हा मला झालेला आनंद मराठीच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको.) सीएसएसमध्ये लिहून ठेवले की पान ‘मोठे-अक्षर’ असेल तेव्हा मूळ अक्षर दीडपट धरावे, आणि बाकीची सगळी मापे त्या मूळ अक्षराच्या पटीत दिली. आता बटण एवढेच करते: भूमिका लावणे किंवा काढणे. भूमिका लावण्या-काढण्याची ‘क्लासलिस्ट’ ही सोय २०१२ सालच्या एक्सप्लोरर १० पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे, आणि अक्षराचा आकार बदलणे तर सगळ्यांना पहिल्यापासून येते. जिथे कोणाचेच दुमत नाही अशाच गुणांवर काम भागवले, म्हणून ब्राउझरला नाव विचारण्याची वेळच आली नाही.

मात्र भूमिकेने सगळेच भागत नाही. आमच्या पानावर लेखनाचा एक खेळ होता: दिलेला शब्द टंकायचा, चुकला तर त्याखाली तांबडी नागमोडी रेघ. ती रेघ मी ‘अधोरेखा, नागमोडी, तांबडी’ अशी तिन्ही विशेषणे एकाच आज्ञेत देऊन मागितली होती. क्रोममध्ये आणि फायरफॉक्समध्ये रेघ उमटली. वर्गमैत्रिणीच्या आयफोनवर नाही. तिने सफारी सोडून क्रोम उघडून पाहिला, तरी नाही. कारण आपल्याकडे आयफोनवरील क्रोमच्या आतले चित्र काढणारे यंत्रही सफारीचेच असते. पाटी तेवढी वेगळी. त्या सफारीला रेघेचा खण ठाऊक होता, पण तीन विशेषणे एकत्र मान्य नव्हती. म्हणून त्याने सगळीच आज्ञा सोडून दिली. येथे खण खरा असल्यामुळे पेटीला विचारण्याचा उपाय चालला: ठेवून पाहिले, परत वाचले, खण रिकामा. मग तीच विशेषणे तीन निरनिराळ्या खणांत ठेवली आणि रेघ आली. आता तर ‘सपोर्ट्स’ नावाची एक सरळ सोय आहे. अमुक गुण आणि अमुक मूल्य तुला कळते का, असे ब्राउझरला आधीच विचारता येते आणि तो हो किंवा नाही असे उत्तर देतो. त्याला नाव विचारण्यापेक्षा काय येते ते विचारणे, हे मला माणसांच्या बाबतीतही अधिक सभ्यपणाचे वाटते.

तिसरी अडचण मात्र निव्वळ आपल्या लिपीची निघाली. दर्या आणि दऱ्या, समुद्र आणि डोंगरातील घळी, हा भेद मराठीत नुसत्या र-च्या रूपावर उभा आहे. तो भेद दाखवायला मी त्या र-ला वेगळा रंग देऊ गेले. रंग द्यायचा तर शब्दाचा तेवढा तुकडा वेगळा घटक करावा लागतो. ‘र्’ एका घटकात आणि ‘या’ दुसऱ्यात गेल्याबरोबर एका ब्राउझरात रफार मोडून पाय मोडलेला र उभा राहिला; दुसऱ्याने जोडाक्षर शाबूत ठेवले. वेलांटी वेगळी रंगवायला गेले तर एके ठिकाणी ती ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसली. इंग्रजीसाठी आखलेल्या या व्यवस्थेत एकेक अक्षर सुटे असते. आपले अक्षर हे व्यंजन-स्वरांचे एक कुटुंब आहे, आणि त्यातला एक जण उचलून रंगवता येत नाही. मी पूर्ण जोडाक्षरालाच रंग दिला. अक्षरांत अंतर सोडण्याचा गुणही याच कारणाने काढून टाकला, कारण त्याने शिरोरेघ तुटते. आणि ओळींची उंची वाढवली, नाही तर रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकत्र आले की वरचा भाग कापला जाई.

एवढे करूनही पान सगळीकडे एकसारखे दिसते का? नाही. विंडोज ७ वर ते ‘मंगल’मध्ये उमटते, त्यापुढच्या विंडोजवर ‘निर्मला’मध्ये, अँड्रॉइडवर ‘नोटो’मध्ये, आयफोनवर ‘कोहिनूर’मध्ये. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले आहेत. काही फाँटांत ही मराठी रूपे हिंदी रूपांच्या जोडीने असतात, पण पानाची भाषा मराठी आहे असे स्पष्ट लिहिले तरच ती पुढे येतात. मी ते लिहिले. ज्या फाँटात मराठी रूप नाहीच तिथे कोणती आज्ञा काय करणार? पूर्वी मला वाटे की सगळ्या ब्राउझरांत पान तंतोतंत एक दिसले म्हणजे काम झाले. आता वाटते की वाचता आले, बटण चालले, जोडाक्षर मोडले नाही, एवढे सगळीकडे एक असावे. ल-ची पाकळी आणि रेघेची जाडी यांत थोडा फरक राहिला तर राहू द्यावा. एका सरांना हे पटले नाही. त्यांचे म्हणणे, ल-चा प्रश्न हा जाडीचा नव्हे, लिपीच्या ओळखीचा आहे, आणि त्यासाठी पानाबरोबर आपलाच फाँट पाठवावा. त्यांचा मुद्दा मला खोडता आलेला नाही. मंद जोडणीच्या फोनवर फाँट उतरेपर्यंत वाचकाने थांबावे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

दुरुस्त केलेले पान घेऊन मी मेमध्ये आजींच्या घरी गेले. नातवाच्या साध्या अँड्रॉइड फोनवर ते उघडले आणि बटण त्यांनाच दाबायला दिले. अक्षर मोठे झाले. आजींनी चष्मा सारखा केला आणि एकेक शब्द बोट ठेवून वाचू लागल्या. बावखलावर बोट थांबले. आम्ही अर्थ दिला होता, ‘मोठी विहीर’.

“विहीर नव्हे गं,” त्या म्हणाल्या, “बावखल म्हणजे वाडीतलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, त्याच्यावर वाडी जगायची, आणि शेजारच्या विहिरीला पाणी राहायचं ते त्याच्यामुळे. हे कोणी लिहिलं?”

लिहिले मीच होते.